तीन किकांचं गाणं

पिंडाला कावळा शिवत नव्हता आणि मागे पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. खाडीकाठच्या त्या घाटावर सकाळी दहाव्यांची अशी रीघ असते की गुरुजींना मान वर करायला फुरसत मिळत नाही. घाई नसते ती फक्त कावळ्यांना. रोज पाच-सहा घरांचा भात समोर येतो म्हटल्यावर त्यांचे नखरे वाढणारच. त्यातला एक लठ्ठ कावळा कठड्यावर बसून कर्णिकांच्या पत्रावळीकडे बघत होता, डॉक्टरने भात बंद सांगितल्यासारखा.

सौमित्र लेले हात जोडून उभा होता. गेलेले विश्राम कर्णिक त्याचे नात्यातले कोणी नव्हते. ते त्याच्या बँडमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्याला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्याच्या बरोबर मधोमध एक प्रश्न बसला होता आणि तो काही केल्या उठत नव्हता. पुढच्या शनिवारी ठाण्यात शो होता, आता ऑर्गन कोण वाजवणार?

या बँडचं नाव ‘रेडिओ तापतोय’. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला बटण फिरवल्यावर आवाज यायला वेळ लागायचा आणि तोवर घरातली माणसं एकमेकांना ‘थांब, तापतोय’ म्हणायची, त्यावरून हे नाव. ठेवलं सौमित्रने, ज्याच्या जन्माआधीच असले रेडिओ भंगारात गेले होते. पण त्याचं सगळं चित्तच मुळी साठच्या दशकात. ट्विस्टचा ठेका, घुमणारी गिटार, मधेच ऑर्गनची शीळ, तीन मिनिटांच्या आत संपणारी गाणी आणि शब्द मात्र स्वतःचे, मराठी. दिवसा तो ठाण्यातल्या एका विमा कंपनीत बसून लोकांचे क्लेम का नाकारले हे नम्र भाषेत कळवायचा. ‘आपल्या विनंतीचा सहानुभूतीने विचार करण्यात आला आहे’ हे वाक्य त्याच्याइतक्या सहजपणे साऱ्या ऑफिसात कोणी लिहीत नसे.

गायची अंतरा. ती एरवी डोंबिवलीत फिजिओथेरपिस्ट होती आणि अर्ध्या गावाच्या माना तिच्या हातून सरळ झाल्या होत्या. ड्रमवर विकी भोईर. त्याच्या आजोबांच्या भातशेतीवर आता सात मजली इमारती उभ्या आहेत, आणि तो स्वतः हळदीच्या बँजो पार्टीत वाजवून तयार झालेला, त्यामुळे हळू वाजवणं हा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता. तालीम चालायची त्याच्या वडिलांच्या सिमेंटच्या गोदामात. बँडचे काळे सूट आणि बारीक टाय ज्या शिंप्याने शिवले त्याचा हात शाळेच्या गणवेशांवर बसलेला. परिणामी स्टेजवर उभी राहिली की तिघं स्नेहसंमेलनाला आल्यासारखी दिसायची.

विश्रामकाका बँडला सापडले ते ऑर्गनमुळे. नौपाड्यात एका म्हाताऱ्याकडे लाल रंगाचा, चार सडपातळ पायांवर उभा राहणारा जुना इलेक्ट्रिक ऑर्गन आहे असं कळल्यावर सौमित्र तो विकत घ्यायला गेला. काकांनी त्याला वालाचं बिरडं वाढलं, दोन तास वाजवून दाखवलं आणि शेवटी सांगितलं की ऑर्गन विकायचा नाही, पण तो जाईल तिथे मी बरोबर येईन. अशा रीतीने बँडचं सरासरी वय एका दुपारीत दहा वर्षांनी वाढलं. काका तरुणपणी ठाण्यातल्या एका ग्रुपमध्ये वाजवायचे. सौमित्रने ज्या आवाजासाठी इंटरनेटवर रात्री जाळल्या, तो आवाज काका एका बोटाने काढायचे आणि दुसऱ्या हाताने चहा प्यायचे.

सगळं छान होतं, एक गाणं सोडून.

काकांनी तरुणपणी स्वतः एक गाणं केलं होतं, बायकोवर, म्हणजे तेव्हा ती बायको व्हायची होती. गाणं स्कूटरचं. सुरुवातीला वाजवणाऱ्याने तोंडाने स्कूटरला किक मारायची. पहिली किक, फुर्र, बंद. दुसरी किक, फुर्र, बंद. तिसऱ्या किकेला स्कूटर सुरू होते आणि गाणंही. शब्द असे:

बस गं सुमे, मागे बस,
तलावपाळीला एक फेरी.
उशीर झाला तर सांगू घरी,
पेट्रोल संपलं कोपरी.

सौमित्रने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला, पण तो चांगल्या अर्थाने नव्हे. त्याला साठचं दशक हवं होतं ते काळ्या सूटमधलं, रुबाबदार. तोंडाने फुर्र करणारं नको होतं. शिवाय दोन किकांच्या मधे काका खरोखरीचे थांबायचे. स्कूटर बंद पडल्यावर माणूस जेवढा थांबतो तेवढे. स्टेजवर तेवढ्या वेळात लोक उठून मुतारीला जाऊन येतील असं सौमित्रचं म्हणणं होतं. पण हे म्हणणं त्याने काकांना कधी ऐकवलं नाही. दर शोच्या आधी काका विचारायचे, या वेळी घेऊ या का रे ‘सुमे’? आणि सौमित्र म्हणायचा, पुढच्या शोला नक्की, काका. विनंतीचा सहानुभूतीने विचार करण्यात येई.

आणि मग या शनिवारचा शो ठरला. ठाण्यातलं मोठं नाट्यगृह, ‘जुनी चाल, नवी पोरं’ असा कार्यक्रम आणि तो ऐकायला अंधेरीहून धनेश नावाचा गृहस्थ येणार. हा धनेश गाण्यांची कंपनी चालवायचा. चार गाणी ऐकेन आणि अल्बम काढायचा की नाही ते सांगेन, असं त्याने फोनवर कळवलं होतं. सौमित्र सदतीस वर्षांचा होता. या वेळी जमलं तर जमलं, नाहीतर गिटार माळ्यावर, असं त्याने स्वतःला बजावलं होतं, आणि ही धमकी पोकळ नव्हती, त्याने माळा आवरूनसुद्धा ठेवला होता. काकांनी याही वेळी विचारलं. सौमित्रने याही वेळी ‘पुढच्या’ म्हटलं. त्या आठवड्यात काका एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तर असा हा घाट, असा हा कावळा.

दहावं पुतण्या करत होता, अनिमेष. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. बायका घाटावर येत नाहीत असं अनिमेषने सकाळीच सुचवून पाहिलं होतं. त्यावर सुमतीकाकू म्हणाल्या, बरं, मी रिक्षातच बसते. घाटावर पोहोचल्यावर त्या रिक्षातून उतरल्या आणि पर्स छातीशी धरून सरळ पुढे येऊन उभ्या राहिल्या. पंचाहत्तरीची बाई, दहा दिवसांत एकदाही रडलेली नाही, तिला मागे हो म्हणायची हिंमत कोणात नव्हती.

अनिमेषने कावळ्याला सांगितलं की काकूंना मी अंतर देणार नाही. कावळ्याने चोच कठड्याला घासली. अनिमेषने सांगितलं की बिल्डिंग पाडून नवी होईल तेव्हा काकूंना खालच्याच मजल्यावर घर घेऊ. कावळ्याला पुनर्विकासात रस नव्हता. नौपाड्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. त्यांनीही पुढे होऊन, काकांची स्कूटरची जागा कोणाला देणार नाही असं कबूल केलं. शेवटी गुरुजींनी घड्याळ बघत दर्भाचा कावळा करायचा पर्याय मांडला. दर्भाचा करून पिंडाला लावला की शास्त्राप्रमाणे चालतं, आणि पुढच्या मंडळींचीही सोय होते.

काकू म्हणाल्या, यांनी जन्मात दुसऱ्या कंपनीचा साबण वापरला नाही, यांना दर्भाचा कावळा चालायचा नाही. मग त्या वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सौमित्र, त्यांना काय हवं होतं ते तुला ठाऊक आहे.”

घाटावरची सगळी मंडळी सौमित्रकडे बघायला लागली, त्यात पुढचं गिऱ्हाईकही होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो दोन पावलं पुढे झाला आणि घसा साफ करून कावळ्याला म्हणाला की काका, आम्ही ‘सुमे’ वाजवू.

कावळा कठड्यावर एक पाऊल सरकला. नुसतंच.

“कधी ते सांग,” विकी मागून कुजबुजला. “तुझं ‘पुढच्या वेळी’ त्यालापण म्हाईत झालंय.”

सौमित्र म्हणाला, शनिवारी. ठाण्याच्या शोमध्ये. कावळ्याने मान वाकडी करून त्याच्याकडे एका डोळ्याने पाहिलं. क्लेम नाकारणाऱ्या माणसाला समोरचा आणखी काय मागतोय ते बरोबर कळतं. सौमित्रने डोळे मिटले आणि म्हणाला, पूर्ण वाजवू. तिन्ही किकांसकट.

तेव्हा काकू पुढे झाल्या, त्यांनी वाकून पिंडाला नमस्कार केला, पत्रावळीवरची विस्कटलेली फुलं नीट केली आणि मागे सरल्या. त्या मागे सरतात न सरतात तोच लठ्ठ कावळा झेपावला, त्याच्या मागून आणखी दोन आले, आणि पत्रावळीची वाताहत झाली. गुरुजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. काही जणांनी डोळे पुसले. पुढच्या गिऱ्हाइकानेसुद्धा सौमित्रकडे कौतुकाने पाहिलं, की यांच्या कावळ्याला बोललेलं कळतं.

त्या दिवसापासून सौमित्र पळवाटा शोधू लागला. कलमं वाचायची त्याला सवय होतीच. त्याने गुरुजींना फोन करून विचारलं की गाणं गोदामात वाजवलं तर चालेल का. गुरुजी म्हणाले, कावळ्याला काय सांगितलंत तेवढं करा, आणि फोन ठेवला. मग अंतराने तोड काढली. धनेशला चार गाणी ऐकायची आहेत ना, ती आधी वाजवू आणि ‘सुमे’ पाचवं घेऊ. तोवर धनेशचा निर्णय झालेला असेल, नशीब असेल तर तो निघूनही गेलेला असेल. कावळ्याला शनिवार सांगितला होता, पाचवं की पहिलं हे सांगितलं नव्हतं. सौमित्रला हे पटलं. या जगात अजून सज्जन माणसाला वाट मिळते असं त्याला वाटलं.

ऑर्गनवर अंतराने बोटं बसवली. अडचण आली ती किकांची. काकांच्या तोंडून स्कूटर हुबेहूब निघायची. सौमित्रच्या तोंडून प्रेशर कुकर निघत होता. विकीने करून पाहिलं, तर पार डंपरच सुरू झाला. दोन दिवस गोदामात तिघं मोठी माणसं फुर्र फुर्र करत बसली आणि सिमेंट न्यायला आलेले गवंडी दाराशी उभे राहून बघत राहिले.

शनिवार उजाडला. तेरावं उरकलं होतं. नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं, बहुतेक पांढरी डोकी. दुसऱ्या रांगेत सुमतीकाकू, शेजारी त्यांच्या बिल्डिंगमधल्या मायाताई. धनेश कडेच्या खुर्चीवर फोनमध्ये डोकं घालून. आणि पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे, पांढरे कपडे, गळ्यात हार, बरोब्बर काकूंच्या पुढे.

या प्रमुख पाहुण्यांनी घात केला. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. त्यांनी टेंभी नाक्याच्या नवरात्रापासून सुरुवात केली, मग आपल्या वॉर्डातली गटारं घेतली, मग संगीत, आणि संगीतावरून पुन्हा गटारांकडे गेले. ते बसले तेव्हा संयोजक विंगेत धावत आला आणि बँडला म्हणाला की पाच होणार नाहीत, चारच गाणी घ्या, त्याच्यावर एक सेकंद नाही, पडदा पाडीन.

चारच. म्हणजे ‘सुमे’ घ्यायचं तर धनेशच्या चारांतलं एक जाणार, आणि तिथे बसणार फुर्र. सौमित्रचा चेहरा उतरला. तो विंगेतल्या लाकडी खोक्यावर बसला, टाय सैल केला आणि कावळ्यांच्या साऱ्या कुळाला असं काही बोलला की ते इथे लिहिण्यासारखं नाही.

विकीला ते बघवेना. तो शेजारी टेकला आणि म्हणाला, “तुला एक सांगू का? त्या दिवशी सांगायला बरं नाय वाटलं. कावळा उडाला ना, तेव्हा त्याच्या चोचीतून माझ्या बुटावर पडलं. सोडे होते, सौम्या. भातात कोणीतरी सोडे टाकलेले.”

सौमित्रला आधी कळलंच नाही. विकीने समजावलं. सुकवलेली कोळंबी. त्या कावळ्यांना रोजच्या भाताचा वीट आलेला, नुसत्या भाताला ते काय येणार? सोड्यांच्या वासाला मात्र मेलेला कावळा उठून येईल. तो म्हणाला की आमच्या घरात वर्षाचं सुकं भरून ठेवतात, मला वास नाय कळणार तर कोणाला. तेव्हा कसला काका आणि कसला शब्द. तू मोकळा आहेस. आपली चार वाजवू आणि घरी जाऊ.

सौमित्रने त्याची कॉलर धरली, कारण त्याला वाटलं हे काम विकीचंच. विकीने ड्रमची शपथ घेतली. मग दोघांनाही एकदमच आठवलं की पत्रावळीजवळ शेवटी कोण वाकलं होतं, आणि कोणाच्या हातात पर्स होती.

स्टेजवर एक बाई निवेदन करत होत्या. सौमित्र बाजूच्या दाराने प्रेक्षागृहात उतरला, वाकून वाकून दुसऱ्या रांगेपर्यंत गेला आणि काकूंच्या पायाशी उकिडवा बसला. त्याने सरळ विचारलं, की काकू, सोडे तुम्ही टाकलेत?

“मीच,” काकू म्हणाल्या. त्यांना काडीचाही संकोच वाटलेला दिसला नाही. “तू तिन्ही किका म्हणेपर्यंत पर्स उघडली नव्हती.”

सौमित्र चिडला. कुजबुजत चिडायचं असल्यामुळे त्याचा चेहरा तेवढा लाल झाला. असं कसं केलंत, तो म्हणाला, मला वाटलं काकांचा जीव अडकलाय. माझं इथे सगळं पणाला लागलंय आणि तुम्ही मला पिंडासमोर फसवलंत.

काकूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काकांचा जीव बिलकुल अडकलेला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. काकांना तर वाटायचं पोरांचं बरोबर आहे, गाणं जुनाट आहे, त्यांचा कार्यक्रम कशाला बिघडवायचा. ते विचारायचे कारण काकू त्यांना विचारायला लावायच्या. तालमीहून घरी आले की काकूंचा पहिला प्रश्न असायचा, आज विचारलंत का? आणि काका चप्पल काढता काढता म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की म्हणालाय.

“त्यांना कुठे हवं होतं रे,” काकू म्हणाल्या. “मला हवं होतं. माझ्यावर कोणीतरी गाणं केलंय हे मी सगळ्यांना सांगत आले, आणि सगळे नुसते हसतात. ही माया तर म्हणते, प्रत्येक बाईला तसं वाटतं. एकदा मोठ्याने वाजायला हवं होतं, चारचौघांत. ते जिवंत असताना.” मग त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाल्या, “आता तुला कळलंय, तू मोकळा आहेस. नको वाजवूस.”

सौमित्रने आयुष्यात असंख्य लोकांना नम्रपणे नकार दिला होता. पण ते नकार पोहोचायचे त्या घरात कसे वाचले जातात हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. ‘पुढच्या वेळी नक्की’ हे त्याचं वाक्य चप्पल काढणाऱ्या काकांच्या तोंडून नौपाड्याच्या त्या दारात दर तालमीनंतर ऐकलं गेलं होतं. त्याला लाज वाटली. तो उठला आणि वाकायचं विसरून ताठ चालत विंगेत गेला.

पहिली तीन गाणी झकास झाली. अंतराचा आवाज लागला होता, विकी तर चक्क बेताने वाजवत होता. तिसऱ्या गाण्यावर धनेशने फोन खिशात ठेवला. स्टेजवरून सौमित्रला ते स्वच्छ दिसलं. चौथं गाणं बँडचं सगळ्यात चांगलं, आठ महिने घासलेलं. ते आता वाजवलं की झालं. अंतराने त्याच्याकडे पाहिलं, विकीने काठ्या वर धरल्या. आणि सौमित्र माइकपाशी जाऊन म्हणाला की आता एक स्कूटरचं गाणं. आमचे विश्राम कर्णिक यांनी केलेलं. त्यांच्या मिसेसवर.

विकीच्या हातून एक काठी खाली पडली.

सौमित्रने माइक ओठांशी आणला आणि पहिली किक मारली. फुर्र. बंद. सभागृहात कोणीतरी खोकलं. तो थांबला, काका थांबायचे तेवढा, आणि ती शांतता त्याला घाटापेक्षाही लांब वाटली. दुसरी किक. फुर्र. बंद. मागून एक हसू आलं, चांगल्यातलं नव्हतं. त्याने तिसरी किक मारली. आणि घशाला कोरड पडल्यामुळे तीही बंद पडली. नुसती हवा निघाली. चौथी मारली. तीही बंद. पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. काकांची स्कूटर तिसऱ्या किकेला सुरू व्हायचीच. काळा सूट, बारीक टाय, समोर सगळं ठाणं, आणि हा माइकवर फुसफुसतोय.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

“अरे, तिरकी कर आधी.”

क्षणभर कोणालाच समजलं नाही, आणि मग सगळ्या पांढऱ्या डोक्यांना एकदम समजलं. त्या सभागृहात असा एकही पुरुष नसेल ज्याने भर रस्त्यात बंद पडलेली स्कूटर एका अंगावर झुकवली नाही आणि मनातल्या मनात आकडे मोजले नाहीत. हशाची लाट मागच्या रांगेपासून पुढे आली. कोणी ओरडलं, प्लग साफ कर. कोणी ओरडलं, चोक ओढ. आणखी कोणी पेट्रोलचा कॉक उघडायची आठवण केली. सौमित्रने गिटारची मान दोन्ही हातांनी धरली, ती हळूच डावीकडे तिरकी केली, थांबला, आणि लोकही त्याच्याबरोबर थांबले. मग गिटार सरळ केली, उजवा पाय उचलला आणि काळ्या सूटची शिवण उसवेल अशी स्टेजवर सणसणीत किक मारली.

आवाज त्याने काढलाच नाही. तो अख्ख्या नाट्यगृहाने काढला. पाचशे म्हातारे एकदम टुर्र करायला लागले, विकीने हळदीत वाजवतात तसा ठेका धरला, अंतराने लाल ऑर्गनवर ती एका बोटाची शीळ सुरू केली आणि स्कूटर निघाली.

धनेश गाणं संपेपर्यंत बसला होता की उठून गेला, हे सौमित्रने नंतर अंतराला विचारलं. तिने पाहिलं नव्हतं. विकीनेही पाहिलं नव्हतं. खुद्द सौमित्रचं तर त्या खुर्चीकडे लक्षच गेलं नाही, कारण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो दुसऱ्या रांगेकडे बघत होता.

तिथे सुमतीकाकू मायाताईंना काहीतरी सांगत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते, पण त्या स्वतःच्या छातीवर बोट ठेवून सांगत होत्या आणि मायाताई मान डोलवत होत्या. मग काकूंनी पदर खोचला. त्या खुर्चीत एका अंगाला वळल्या, दोन्ही पाय डाव्या बाजूला घेतले, जशा त्या काळी बायका स्कूटरवर बसायच्या तशा, आणि तोल सांभाळायला उजवा हात पुढे करून खांदा धरला. खांदा प्रमुख पाहुण्यांचा होता. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि बघितलं की बाई रडतेय, डोळे मिटून, हसत, आणि तिचे केस वाऱ्यावर असल्यासारखे ती कानामागे सारतेय. पाहुणे पुन्हा समोर बघू लागले. गाणं संपेपर्यंत ते जराही हलले नाहीत.